आण्णांची पिकदाणी

माझे वडील रामकिसन, म्हणजे आमचे आण्णा, तीस वर्षं दारू चाखत होते, पण एक घोटही त्यांनी कधी गिळला नाही. हे ऐकून हसणाऱ्यांशी मी आजही भांडते.

चिकलठाण्याच्या एका दारूच्या कारखान्यात ते चव घ्यायच्या कामाला होते. गळ्यात तुळशीची माळ आणि पिशवीत घरून नेलेली झाकणाची पितळी पिकदाणी. घोट तोंडात घोळवायचा, चव सांगायची, थुंकायचं. पिकदाणी घरी आणून ते स्वतः धुवायचे, दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचे नाहीत.

माझी सोयरीक काकासाहेबांच्या मुलाशी ठरत आली होती. हे काकासाहेब म्हणजे लासूर स्टेशनचे बडे आडते, राहायला शहरात. सुपारी फोडायच्या दिवशी आण्णा पाळी संपवून तसेच घरी आले. काकासाहेब गळाभेट घ्यायला पुढे झाले आणि चक्क आण्णांचं तोंड हुंगलं. "वास येतोय," एवढंच म्हणाले. वाढलेल्या ताटांवरून त्यांच्याकडचे सगळे उठून गेले, सोयरीक मोडली. माझा संताप तिथपासूनचा.

पुढच्या वर्षी कारखान्यात जपानी पाहुणे आले. साके नावाची त्यांची तांदळाची दारू त्यांना इथं विकायची होती. एका रविवारी दुपारी हॉटेलात चार तऱ्हा मांडल्या आणि शहरातल्या मोठ्या लोकांनाही बोलावलं. आण्णांना मी स्कूटीवर घेऊन गेले. पाहते तर पहिल्या खुर्चीत काकासाहेब!

पहिली साके तांदळाचा दाणा निम्म्याहून जास्त घासून, उरलेल्या गाभ्याची केलेली. "पिकल्या खरबुजाचा वास हाय, पण जिभेवर थांबत नाय," आण्णा म्हणाले आणि आपल्या पिकदाणीत थुंकले. दुसरी भाताच्या पेजेसारखी भरदार. तिसरी गढूळ, ताकासारखी पांढरी, बाटली हलवून ओतलेली. चौथी जुन्या रीतीची, आंबूस. ती गार होती तेव्हा आण्णांचं तोंड वाकडं झालं. कोमट करून दिल्यावर मात्र त्यांनी डोळे मिटले. "इथं खरबुजाचीच खपंल. पण मला इचाराल तर ही लई चांगली," असं म्हणून तीही त्यांनी थुंकली.

"रामकिसनराव, एवढी भारी थुंकता व्हय?" काकासाहेब खिदळले. "ही दारू नाय, कल्चर हाय!" मग चारींची तुलना म्हणून त्यांनी चारी पुन्हा मागवल्या, आणि पुन्हा. उन्हं उतरायच्या आत ते खुर्चीतून घसरले.

बडे लोक हळूच पांगले. मी म्हटलं, "पडू द्या तिथंच."

"आसं कसं, बाई? वळखीचा माणूस हाय," म्हणत आण्णांनी त्यांना रिक्षात घातलं आणि स्वतः शेजारी बसले. मी जळफळत मागून स्कूटीवर.

दार काकासाहेबांच्या बायकोनं, सारजाबाईंनी उघडलं. काकासाहेबांनी आण्णांकडे बोट केलं, "ह्यानं पाजली."

"दारूवाल्याच्या नादी लागल्यावर दुसरं काय व्हणार?" बाई आण्णांवर कडाडल्या. "बरं झालं, तुमची पोरगी घरात आणली नाय!"

माझ्या डोक्यात सणक गेली. "आण्णा, तोंड उघडा! बघू द्या यांना, प्यालात का ते!"

आण्णांनी ओठ घट्ट मिटले. थुंकलं तरी वास राहतोच, हे त्यांना माहीत होतं. सारजाबाईंनी नाकाला पदर लावला.

मी स्कूटीवरची पिशवी आणली, पिकदाणीचं झाकण काढलं आणि सगळी त्यांच्या उंबऱ्यावर ओतली. "ही घ्या आमच्या आण्णांनी प्यालेली दारू. मोजून घ्या, थेंब कमी भरणार नाही."

आण्णा माझ्यावर केवढ्यांदा ओरडले! आयुष्यात पहिल्यांदाच. मग माझ्या मागे स्कूटीवर बसून घरी आले.

अंगणातल्या नळावर पिकदाणी घासताना त्यांनी मान वर न करता विचारलं, "समदी वतलीस?"

"समदी."

"बरं केलंस," ते म्हणाले आणि पिकदाणी उतरत्या उन्हात पालथी घातली.