सुतारकाकांनी हलवलेली चाकं

सुतारकाकांचा कशावरच विश्वास नव्हता. खुर्चीवर टेकायच्या आधी ते खुर्ची हलवून बघत, जिना चढायच्या आधी कठडा हलवून बघत, आणि डॉक्टरांनी दिलेल्या गोळीकडे अशी नजर रोखत, की तिनेच काय ते कबूल करून टाकावं. गल्लीत त्यांना मागून 'तपासनीस' म्हणत. काकांना ते ठाऊक होतं, आणि कोण कोण म्हणत असेल याचाही त्यांना संशय होता. पण माणूस कामाला पक्का. सांध्यात कागद शिरेल एवढी फट राहिली, तरी अख्खी चौकट उकलून पुन्हा ठोकायचे. सांधा हलतोय म्हणजे खोट आहे, हे त्यांच्या हाडीमाशी मुरलेलं.

घरात काका आणि त्यांची मुलगी, दोघंच. बायको फार लवकर गेली, तेव्हा पोरीच्या वेण्या घालायलाही काकाच शिकले. आता ती दवाखान्यात औषधांच्या काउंटरवर बसायची आणि तिला कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याशी लग्न करायचं होतं.

झालं, काकांच्या मनात पाल चुकचुकली. गॅरेजवाला गोड बोलतो, लवून नमस्कार करतो, म्हणजे कुठेतरी पाणी मुरतंयच! पण नाही म्हणायला धड कारण सापडेना. शेवटी त्यांनी अट घातली. त्याने एक जुनी मोटरसायकल स्वतः दुरुस्त करून मुलीला दिली होती, ती काका तपासणार. खोट निघाली, तर या घरात त्याचं नाव काढायचं नाही. मुलीला बापाचा स्वभाव माहीत होता, पण गॅरेजवाल्याच्या हातांवर तिचा भरवसा होता. ती हो म्हणाली.

सुट्टीच्या दिवशी सकाळी गाडी अंगणात मेन स्टँडवर चढली. इंजिन बंद, गाडी गिअरमध्ये. काकांनी उकिडवं बसून मागचं चाक दोन्ही हातांनी धरलं आणि पुढे-मागे फिरवून पाहिलं. त्यांच्या हिशेबाने गिअरमधलं चाक तसूभरही हलायला नको होतं. ते हललं. दोन बोटं पुढे, खट. दोन बोटं मागे, खट. काकांच्या चेहऱ्यावर कित्येक दिवसांनी हसू फुटलं. पोरगी मात्र पांढरीफटक पडली.

गॅरेजवाल्याला बोलावणं गेलं. तो हात पुसत आला, चाकापाशी बसला आणि म्हणाला, एवढा प्ले, म्हणजे हलायला जागा, असतेच. चेन थोडी सैल ठेवावी लागते, नाहीतर माणूस बसला की ती ताणून तुटायची. चाकाच्या आत धक्का सोसायला रबरं असतात, ती थोडी दबतात. गिअरच्या दातांमध्येही जरा जागा असते. सगळं मिळून चाक तेवढं फिरतं. मग त्याने चाक डावीउजवीकडे ढकलून दाखवलं. ते जागचं हललं नाही.

"असं आडवं हललं असतं, तर गाडी मीच हिला दिली नसती," तो म्हणाला. "पटत नसेल तर दुसऱ्या कुठल्याही गाडीचं चाक फिरवून बघा, काका."

आता ही सूचना दुसऱ्या कुणी ऐकून सोडून दिली असती. काकांनी ती मनावर घेतली. दुसऱ्या दिवशी भर दुपारी ते मुलीच्या दवाखान्यामागच्या शेडमध्ये शिरले, जिथे मोटरसायकली मेन स्टँडवर ओळीने उभ्या असतात. पहिली गाडी, पायाने गिअर टाकला, चाक फिरवलं. खट. दुसरी, खट. तिसरीही खट. एखादा शहाणा हात झटकून घरी गेला असता! काकांच्या डोक्यात वेगळंच आलं: या सगळ्या गाड्या त्याच गॅरेजातून गेल्या असणार. पठ्ठ्याने अख्ख्या गावाला टोपी घातलीय.

मग कोपऱ्यात एक कोरी करकरीत गाडी दिसली. सीटवरचं प्लास्टिकसुद्धा काढलेलं नव्हतं. हिला त्याचा हात लागणं शक्यच नाही. काका तिच्यामागे बसले. गिअर टाकला, चाक धरलं, आणि का कोण जाणे, फिरवायला त्यांचा हात धजेना. शेवटी फिरवलं.

खट.

तेवढ्यात वॉचमनने त्यांची कॉलर धरली. तो मघापासून बघत होता. एक म्हातारा एकेका गाडीमागे बसतोय, काहीतरी करतोय, पुढच्या गाडीकडे सरकतोय. बघता बघता माणसं जमली. नव्या गाडीचा मालक पेट्रोलच्या टाकीचं झाकण तपासायला लागला. काका सांगत होते की मी फक्त चाकं हलवून बघत होतो, आणि जितकं सांगत होते तितके लोकांचे चेहरे आक्रसत होते. त्या चेहऱ्यांवर काय आहे ते काकांना लगेच ओळखू आलं. जन्मभर दुसऱ्यांकडे ते तसेच बघत आले होते. लाजेने त्यांचे कान तापले.

कुणीतरी मुलीला बोलावून आणलं. वॉचमनने विचारलं, ओळखता का यांना? ग्रीसने काळ्या झालेल्या बापाच्या हातांकडे तिने पाहिलं, मग गाड्यांच्या ओळीकडे पाहिलं. तिला सगळं कळलं.

"सगळ्यांची हलतात ना, बाबा?"

काकांनी मान डोलावली. "नवीचं पण हलतं."

"तुम्हाला तो खोटाच निघायला हवा होता."

"निघाला असता तर तू घरी राहिली असतीस," काका एवढ्या लोकांसमोर कसेबसे म्हणाले. "मी एकटा काय करू गं त्या घरात?"

वॉचमनने कॉलर सोडली. जमलेली माणसं इकडेतिकडे बघायला लागली. पोरीचे डोळे भरून आले होते, पण आवाज हलला नाही.

"खोटा निघाला असता तरी मी आज ना उद्या कुणाकडे तरी गेलेच असते, बाबा. आता निदान खऱ्या माणसाकडे जाते."

मग वॉचमनकडे वळून ती म्हणाली, हे माझे वडील आहेत, आणि हात धुवायला त्यांना नळाकडे घेऊन गेली.