ग्वेनोचे रविवार

वेन नदी रात्रीत कूस बदलते. संध्याकाळी खोल पाणी गिरणीच्या बाजूला असावं, तर सकाळी ते पार पलीकडच्या काठाला बिलगलेलं, आणि मधे मैलभर ओली, चकाकती वाळू. समुद्राला मिळायच्या आधी नदीला स्वप्नं पडतात, असं अबरवेनची माणसं म्हणायची.

अशा लहरी नदीवर बचावहोडीचं ठाणं बांधायची कल्पना शहरातल्या दानशूर मंडळींची. दगडी शेड, दहा वल्ह्यांची निळी होडी, सगळं कसं झोकात! पहिली दोन वर्षं ती होडी पाण्यापेक्षा वाळूतच जास्त राहिली. "आमची होडी काही बुडायची नाही," लोक म्हणायचे, "बुडायला पाणी लागतं."

शेवटी होडीचा तांडेल टोमोस ग्वेनोकडे आला. ग्वेनो तिसऱ्या, म्हणजे वाळूतले शिंपले, वेचणारी. रोज ओहोटीला गाढव घेऊन अनवाणी वाळूत उतरायची. नदी कुठे सरकली हे तिच्या तळव्यांना आधी कळायचं, डोळ्यांना मागून.

"माझ्या होडीला वाट दाखव की, पोरी."

"आणि तुझे मिशाळ खलाशी मला काय देतील?"

"मान देतील."

"तो शिजवून खाता येतो का?" ग्वेनो म्हणाली. पण दुसऱ्या दिवसापासून गाढवाच्या पाठीवर पाट्यांबरोबर काठ्यांची मोळीही दिसू लागली. खोल पाण्याच्या कडेकडेने ती काठ्या रोवत जायची आणि होडी त्यांच्या मागाने सुटायची. होडीचं रुतणं थांबलं.

रविवारी मात्र ती जायची नाही. रविवारी काम करणं पाप, म्हणून अबरवेनमध्ये कुणी बटाटासुद्धा सोलत नसे. शनिवारीच सोलून पाण्यात घालून ठेवायचे. रविवार चॅपेलमधल्या प्रार्थनेचा आणि गाण्याचा. बायकांच्या खालच्या पट्टीत ग्वेनोचा आवाज असायचा, आणि बाकीचे सूर त्यावर टेकायचे. आठवडाभराचा गारठा तिथे अंगातून निघून जायचा. तेवढ्यासाठीच ती जगत होती म्हटलं तरी चालेल.

मार्चमधल्या एका शनिवारी रात्री वादळ झालं. रविवारी दुपारी तिचा नवरा एसाय पलीकडच्या डॉक्टरला आणायला नाव घेऊन निघाला आणि मधल्या पाण्यात नाव उलटली. चॅपेलमधून धावत सुटलेल्या खलाशांनी होडी लोटली, ती शनिवारच्या काठ्या धरून. नदी तिथे नव्हतीच. होडी वाळूत बसली, आणि दहा माणसं वल्ही हातात धरून एसायच्या हाका ऐकत राहिली, त्या थांबेपर्यंत.

पुढच्या रविवारी चॅपेलची घंटा होत असताना ग्वेनो मोळी घेऊन वाळूत उतरली.

चॅपेलचे वडीलधारे मिस्टर बेव्हन तिच्या दारात आले. माणूस वाईट नव्हता, फक्त देवापेक्षा थोडा जास्त कडक होता.

"ग्वेनो, कुणी बुडत असेल तर रविवारी होडी काढा, कोण नाही म्हणतं? पण कुणी बुडत नसताना काठ्या रोवणं म्हणजे निव्वळ काम झालं."

"म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणायची?"

"शास्त्र शास्त्र असतं, बाई."

"आणि नदी नदी असते, मिस्टर बेव्हन."

महिन्याभरात तिचं नाव चॅपेलच्या सभासदांच्या यादीतून कमी झालं.

अकरा वर्षं गेली. रविवारी सकाळी धुकं असलं की आभाळ कुठे संपतं आणि वाळू कुठे सुरू होते ते कळत नसे. त्या पांढऱ्या पोकळीत ग्वेनो एकटीच चालायची, आणि गावाच्या बाजूने गाणं पाण्यावरून तरंगत यायचं. ती आपली खालची पट्टी धरायची. कधी तिला वाटायचं, एसाय पुढे चालतोय, नुसता वळून बघत नाहीये. मग गाणं संपायचं, आणि तिला मेल्याहून एकटं वाटायचं.

अकराव्या हिवाळ्यात एका रविवारी बचावहोडीने ग्वेनोच्या काठ्यांच्या वाटेने जाऊन फुटलेल्या जहाजावरून चौदा माणसं आणली. मिस्टर बेव्हन पुन्हा दारात आले, टोपी हातात घेऊन.

"परत ये. सगळ्यांसमोर उभी राहा, एकदा 'चूक झाली' म्हण, आणि आपल्या जागेवर बस. पुढचं आम्ही बघून न बघितल्यासारखं करू. तुझ्यावाचून गाणं लंगडतं गं."

ग्वेनो रात्रभर रडली, आनंदाने. रविवारी तिने काळा झगा घातला. चॅपेलमध्ये तोच मेणाचा वास, तीच ऊब. बाकावर बायकांनी सरकून तिला जागा केली होती. ती समोर उभी राहिली.

"चूक झाली," ती म्हणाली. बेव्हननी समाधानाने मान हलवली.

"एका रविवारी मी गेले नाही. मी इथे गात होते, आणि माझा नवरा बुडाला. ती चूक. दुसरी कुठली मला सापडत नाही."

बाकावरच्या मोकळ्या जागेकडे ग्वेनोने एकदा डोळे भरून पाहिलं. मग निकालासाठी न थांबता ती दाराकडे निघाली. ओहोटी लागून अर्धा तास झाला होता, आणि काठ्या अजून रोवायच्या होत्या.