नेव्हिल पाय टेकतो

मेलबर्नच्या पूर्वेला एक डांबरी सायकलमार्ग आहे. लोकांच्या परसांमागून, तळ्याकाठून, क्रिकेटच्या मैदानांना वळसा घालत वीस किलोमीटर फिरतो आणि निघाला तिथेच परत येतो. नेव्हिल ट्रिंबल हा निवृत्त प्लंबर एकोणीस वर्षं दर मंगळवारी सकाळी त्यावर एक फेरी मारत असे. फेऱ्या मारणारे ढिगाने सापडतील, त्यात काय एवढं? पण नेव्हिलने एकोणीस वर्षांत फेरी चालू असताना एकदाही जमिनीला पाय टेकवला नव्हता.

हा नियम दर मंगळवारी एकत्र फिरणाऱ्या तीन म्हाताऱ्यांनीच काढलेला: नेव्हिल, स्टाव्रोस आणि डंकन. पंक्चर झालं तर माफ. एरवी पाय टेकेल त्याने बेकरीत सगळ्यांना कस्टर्डच्या वड्या खिलवायच्या आणि वर्षभर रांगेत शेवटी राहायचं. स्टाव्रोस तर दर महिन्याला टेकायचा. नेव्हिलचा मात्र तोरा असा, की तीन वर्षांपूर्वी बायको ग्लेनिस तळ्याकाठी पाय मुरगळून बसली, तेव्हाही हा गडी उतरला नाही. तिच्याभोवती गोल गोल फिरत "फार दुखतंय का गं?" विचारत राहिला आणि फिरता फिरताच मुलीला फोन लावला. सतरा चकरा झाल्या. ग्लेनिसने मोजल्या होत्या.

अशा माणसाची जिरवायला सप्टेंबरात, म्हणजे तिकडच्या वसंतात, एक पक्षीण पुढे आली. पुलाजवळच्या निलगिरीवर मॅगपायचं घरटं होतं. वसंत आला की हे काळे-पांढरे पक्षी पिलांपायी चवताळतात आणि चेहरा एकदा लक्षात ठेवला की वर्षानुवर्षं विसरत नाहीत, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. तरी शहाण्या नेव्हिलने मागच्या वसंतात बाटलीतून तिच्या तोंडावर पाणी उडवलं होतं. यंदा ती स्टाव्रोसला सोडी, डंकनला सोडी आणि नेव्हिल दिसला की दगडासारखी डोक्यावर कोसळे.

नेव्हिलने तिथल्या सगळ्या सायकलवाल्यांसारख्या हेल्मेटला प्लास्टिकच्या टोकदार पट्ट्या उभ्या बांधल्या, साळिंदर झाला. मागे मोठाले डोळे रंगवले. पक्षिणीने त्यातला डावा डोळा टोचून काढला. त्या मंगळवारी सायकल अशी भेलकांडली, की पाय जमिनीपासून बोटभर उरला.

"टेकला! टेकला!" डंकन ओरडला.

"तुझ्या चष्म्याचा नंबर वाढलाय, थेरड्या," नेव्हिल म्हणाला, पण त्याला घाम फुटला होता.

पुढच्या मंगळवारी तो ग्लेनिसचा फुलाफुलांचा फ्रॉक, तिचा भलामोठा गॉगल, ओठांना लाली आणि हेल्मेटवर तिची रुंद गवती टोपी अशा थाटात दाराबाहेर पडला.

"अगं बाई, किती छान दिसतेस!" स्टाव्रोस म्हणाला. "नवऱ्याला विचारून निघालीस ना?"

"पुढे हो, मेल्या."

दोघे हसत पुढे गेले. निलगिरी आली. पक्षीण फांदीवरून टकामका बघत राहिली. नेव्हिल खालून सुखरूप गेला आणि त्या आनंदात त्याने हवेत मूठ नाचवली.

मूठ खाली येते तोच समोर रस्त्याच्या मधोमध राखाडी पिसांचा एक गोळा बसलेला दिसला. पिलू. चोच उघडून जगाकडे खाऊ मागत होतं. समोरच्या वळणावरून शर्यतवाल्या पोरांचा जथा सुसाट येत होता आणि एकाचंही खाली लक्ष नव्हतं.

नेव्हिलने पाय टेकला.

पिलाला ओंजळीत उचलून तो बाजूला झाला, जथा सूं करत गेला. मग त्याने पिलाला निलगिरीच्या खालच्या बेचक्यात बसवलं. आई वरून बघत होतीच. तिने उपकार वगैरे काही मानले नाहीत. गवती टोपीची पार चाळण केली.

हे कुणीही पाहिलं नव्हतं. बेकरीत दोघांनी त्याच्या पाठीवर थापा मारल्या. "वाचली तुझी एकोणीस वर्षं!" नेव्हिलने कॉफीचा कप बाजूला सारला.

"नाही वाचली," तो म्हणाला. "उतरलो मी. पिलू पडलं होतं." आणि फ्रॉक सावरत वड्या आणायला उठला.

घरी तर कहर झाला. "पाखराच्या पोरासाठी उतरलास!" ग्लेनिस म्हणाली. "आणि मी सतरा चकरा बघत बसले होते!"

"अगं, ते लहान होतं."

"आणि मी काय गाठोडं होते? दे माझी टोपी."

मंगळवारी ती तीच चाळणी डोक्यावर घालून, तोच गॉगल लावून लॉनवर गोळे घरंगळवण्याच्या क्लबाकडे निघाली. वाट निलगिरीखालूनच होती.

नेव्हिल रांगेत शेवटी होता. पुलावरून त्याला दिसलं ते असं: ग्लेनिस पर्स फिरवतेय आणि पक्षीण तिच्यावर सूर मारतेय. पुढच्या दोघांनी तिला वळसा घातला, घंट्या वाजवल्या आणि आता नेव्हिल कितव्या चकरेला दमतो ते बघायला मागे वळले.

नेव्हिलने सायकल गवतात फेकली, धावत जाऊन स्वतःचं साळिंदर-हेल्मेट काढलं आणि तिच्या डोक्यावर ठेवून पट्टा लावला. पक्षिणीला त्याचं उघडं टक्कल दिसलं. बिचारी किती दिवस वाट बघत होती.

"पाय टेकलास की रे!" ग्लेनिस म्हणाली.

"दोन्ही," नेव्हिल डोकं झाकत म्हणाला. "चल लवकर."

तिने त्याचा हात धरला आणि मुद्दाम सावकाश चालायला लागली.