देवाला सांगितलेला ताप

मिरजेच्या एका मोठ्या दवाखान्यात बनुबाई बावीस वर्षं आया होती, आणि बावीस वर्षांत तुझे गुडघे कसे आहेत हे तिला एकाही डॉक्टरनं विचारलं नव्हतं. तिची तक्रार नव्हती. तक्रार करायलासुद्धा अंगात जरा त्राण लागतं. बेडपॅन, चादरी, फरशी, की परत बेडपॅन. जतकडच्या धनगराची लेक, लग्नानंतरही मेंढरांमागं पार कऱ्हाडपर्यंत चाललेली. आता चालणं उरलं होतं ते अठ्ठावीस खाटांच्या वॉर्डातलं.

त्या वॉर्डात हरिबा धनगर येऊन पडला. साठीचा माणूस, नुसता सापळा. ताप यायचा, घामानं अंथरूण भिजायचं, ताप जायचा आणि चार दिवसांनी पुन्हा हजर. कंबर तर धरूनच बसलेली. क्षयाच्या सगळ्या तपासण्या झाल्या, काही निघेना. अंकिता नावाची शिकाऊ डॉक्टर रोज फाईल घेऊन उभी राहायची.

"बाबा, ताप कधीपासून येतोय?"

"मेंढरं वाळव्याच्या पल्याड हुती, तवापासनं."

"म्हणजे महिना कुठला?"

"आता म्हैना कुठला सांगू, बाई? ऊस तुटत हुता."

अंकितानं फाईलमध्ये लिहिलं, रुग्णाला नीट सांगता येत नाही. घ्या! माणूस गाव सांगतोय, रान सांगतोय, ऊसतोडीचा हंगाम सांगतोय, आणि म्हणे नीट सांगता येत नाही! बनुबाईच्या तोंडाशी आलं होतं, पण ती बादली उचलून पुढं गेली. कोण वाद घालणार? मोठ्या डॉक्टरांनी जाताजाता सांगितलं, उद्या यांना घरी सोडा, खाट पाहिजे.

दुपारी वॉर्ड पेंगला. हरिबा भिंतीकडं तोंड करून बिरोबाची ओवी पुटपुटत होता आणि बनुबाई त्याच्या खाटेखालची फरशी पुसत होती. धनगरांकडं कळपावरचं संकट माणसाला सांगत नसत. बोललं की वाढतं म्हणे. ते ओवीतून थेट देवाच्या कानावर घालायचं. हरिबा देवाला सांगत होता, नदीकाठच्या तळावर अकरा मेंढ्यांनी एकामागं एक गाभ टाकला. मेलेली पिल्लं मी या हातानं ओढून काढली. ज्यात धुगधुगी वाटली त्याच्या नाकाला तोंड लावून फुंकर घातली. एकबी वाचलं न्हाई देवा, आन् मलाबी ताप लावलास.

बनुबाईच्या हातातलं फडकं थांबलं. ती तशीच ओल्या हातानं अंकिताकडं गेली.

"डॉक्टरबाई, तुमाला न्हाई सांगायचा त्यो. देवाला सांगतुया. चला, आयका."

पोरगी गुणाची म्हणायची. स्टूल ओढून बसली, ओवी संपेपर्यंत उठली नाही. बनुबाई हळू आवाजात एकेक शब्द फोडून सांगत होती. मग अंकितानं सुट्टीचा कागद अडवला आणि रक्ताची निराळीच तपासणी पाठवली. चार दिवसांनी कळलं, मेंढरांचाच आजार, पिल्लं काढताना अंगात शिरलेला. दीड-दोन महिने औषध घेतलं की बरा होणारा.

हरिबा मात्र फुगून बसला. "देवासंगं केलेलं बोलणं चोरून आयकलंस व्हय गं?"

"व्हय, आयकलं. आता गपगुमान गोळी घ्या."

संध्याकाळी अंकितानं बनुबाईला बाकावर बसवून चहा दिला. "मावशी, तुम्ही नसता तर हा माणूस तसाच घरी गेला असता. तुमच्या बरं लक्षात आलं!"

बनुबाईनं कप बाकावर ठेवला.

"आमचं मालक असंच तापानं झिजलं. आठ म्हैनं. तेबी रोज भिंतीकडं तोंड करून गायचं."

"काय गायचे?"

"काय म्हाईत. मी आयकलंच न्हाई. दिसभर राबून यायची, डोकं उठायचं. म्हनायची, गप पडा की आता. शेवटाला पडलं गप."