ओव्हरकोटातले बाबा

माझ्या बाबांचा एकही फोटो नाही. कधी काढलाच नाही. मी पहिलीत होते तेव्हा ते काविळीनं गेले, आणि गुडीहत्नूरकडच्या आमच्या खेड्यात सालगड्याचा फोटो कोण काढणार होतं? माझ्याजवळ त्यांची एकच आठवण होती. त्या आठवणीनं माझी जी फजिती केली, ती मनात आली की अजून डोकं फिरतं.

आठवण अशी. आदिलाबादचं रेल्वे स्टेशन. धुकं. बाबांच्या अंगात लांब काळा ओव्हरकोट, बाजूला भांग पाडून चापून बसवलेले केस. ते मला उचलून घेतात, म्हणतात, "रोना नहीं बिटिया, मैं जल्दी लौटूँगा," आणि गाडीत चढतात. बस, एवढंच. ही आठवण मी जिवापाड जपली. शाळेत कोणी बापावरून बोललं, की मी मनातल्या मनात तो ओव्हरकोट बाहेर काढायचे आणि रडू आवरायचे. सालगड्याला ओव्हरकोट कुठून आला, हे एकदा तरी माझ्या टाळक्यात यावं की नाही? नाही आलं!

स्वप्नातही तेच स्टेशन. पण आमचं नशीब असं, की स्वप्नसुद्धा धड दिसेना. आधी टीव्हीसारख्या मुंग्या यायच्या, खरखर व्हायची, चित्र वरखाली पळायचं. मग वरून कुठून तरी एक पुरुष ओरडायचा, "आलं काय?" मी गप्पच असायचे. तो पुन्हा ओरडायचा, "आलं काय?" मग कुठं धुकं, गाडी, बाबा. बाबांना बघायची घाई झालेली आणि मध्येच हा कोण कटकट्या, असं वाटून मी झोपेतच चिडायचे.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी मला आदिलाबादला मास्तरणीची नोकरी लागली. पहिला पगार झाल्यावर ठरवलं, बाबांचं चित्र काढून घ्यायचं आणि घरात लावायचं. बसस्टँडजवळ दुकानांच्या पाट्या रंगवणारा एक पेंटर होता. ज्यांच्याकडे गेलेल्या माणसाचा फोटो नसेल, त्यांचं नुसतं ऐकून तो चेहरा काढून द्यायचा. मी समोर बसून नाक सांगितलं, मिशी सांगितली, कोट तर बटणांसकट सांगितला. काढता काढता तो थांबला. "मॅडम, इनको मैं कहीं देखा."

मी तोऱ्यात म्हटलं, "देखे होंगे. कापूस लेके मार्केट में आते थे." काय म्हणावं आता मला!

चित्र पेपरात गुंडाळून बसनं गावी नेलं. माय दारात ज्वारी पाखडत होती. तिनं सूप ठेवलं, पदराला हात पुसले, चित्र उजेडात धरलं.

"हा कोन होय वं?"

"कोण म्हणजे? बाबा!"

तिनं पुन्हा पाहिलं आणि जी हसत सुटली, की डोळ्यांतून पाणी. "माय वं! हा तं टीव्हीतला मानूस होय! ऐतवारी लागे तो. पोरीले सोडून गाडीत बसून जाये, अन् आमी साऱ्या बाया रडो."

"काहीतरीच! कोट होता त्यांच्या अंगात. आदिलाबादला थंडी पडते की!"

"थंडी पडते तं मानूस घोंगडं घेते. कोट!"

"मला हिंदीत म्हणाले होते ते..."

"तुया बापाले हिंदी येत नोती. मालकासंगं मार्केटात जाये, तं शेटजीसमोर निस्ती मुंडी हालवे. अन् आगगाडीत तो जल्मात बसला नाई."

मला असा संताप आला, की कोणावर काढू ते कळेना. मायवर, की हिला हसू सुचतंच कसं. त्या मेल्या मालिकेवर, जिचं नावही मला आठवत नव्हतं. आणि या माझ्या डोक्यावर, ज्यानं खरा बाप फेकून देऊन भाड्याचा बाप ठेवून घेतला! मी चित्र फाडायला घेतलं, तर माय म्हणते, "राहू दे वं, देखना हाये."

"मग खरे बाबा कुठंयत?" मी ओरडलेच. "दर रविवारी मी त्या टीव्हीपुढं बसलेली असायचे. तेव्हा ते कुठं होते? मला ते का आठवत नाहीत?" आणि मोठी मास्तरीण झालेली मी, भोकाड पसरून रडायला लागले.

मायचं हसणं थांबलं. "कुठं म्हंजे? वर होता."

गावात टीव्ही एकच, शाळेच्या मास्तरांकडे. घराच्या टिनाच्या छपरावर बांबूला अँटिना बांधलेला, आणि वारा सुटला की तो फिरायचा. म्हणून मालिका संपेपर्यंत एका माणसानं टिनावर बसून बांबू धरायचा, असा गावाचा रिवाज होता. ज्याच्या घरचा माणूस वर, त्याची पोरं सगळ्यांच्या पुढं. बाकीची मागं, आणि आमच्या वस्तीतली दाराबाहेर.

"तुले पुढंच बसाचं राहे," माय म्हणाली. "दाराबाहेर बसवलं का तू रडे. मंग दर ऐतवारी तोच चढे. दुसऱ्याची पाळी असन तरी. लोकायले म्हने, मले काई हिंदी समजत नाई, मी वरच बरा. उन्हाळ्यात टिनानं पाय भाजत, तरी उतरे नाई. एक डाव टीव्ही पाह्यला नाई त्यानं."

मी रडायची थांबले. "आणि वरून काही बोलायचे?"

"बोलन काय? बांबू फिरवे अन् तुले इचारे."

"काय विचारायचे, माय?"

माय जरा लाजली. मग तिनं मान वर केली, तोंडाशी हात धरला आणि बाबांच्या हेलात ओरडली, "आलं काय?"

तोच आवाज. तोच, अगदी तोच हेल. मी छपराकडं पाहिलं. स्वप्नात मी एकदाही उत्तर दिलं नव्हतं.

"आलं, बाबा," मी म्हटलं. "आलं. उतरा आता खाली."