वसतिगृह रिकामं झालं तेव्हा

एम.ए.चं पहिलं वर्ष होतं. त्या दुष्काळात वसतिगृहाला पाणी पुरेना, म्हणून परीक्षेपर्यंत मुलींनी गावी जावं, असं सांगण्यात आलं. बघता बघता खोल्या रिकाम्या झाल्या. मी मात्र खाटेवर बसून राहिले. वैजापूरकडच्या आमच्या घराला कुलूप होतं. आई-बापू मेंढरं घेऊन गोदावरीच्या अंगाला उतरले होते, आज इथं तर उद्या तिथं. शिक्षण सोडून त्यांना गाठायचं, असं मी ठरवून टाकलं.

पिशवी घेऊन निघाले, तर फाटकापाशी इतिहासाच्या मॅडम भेटल्या.

"परीक्षेला येशील ना?"

"नाही मॅडम. आता नाही येणार."

कारण ऐकून त्या म्हणाल्या, "परीक्षा होईपर्यंत माझ्याकडे राहा. मी एकटीच असते."

शहरातच, गारखेड्यात त्यांचं घर होतं. चारी बाजूंनी इमारती उठत होत्या, धुळीमुळं खिडक्या कायम लावलेल्या. संध्याकाळी मॅडम माझी उत्तरं वाचायच्या आणि विचारायच्या, "हे तुला पटलंय, की पुस्तकात आहे म्हणून लिहिलंस?" असं मला आजवर कुणी विचारलं नव्हतं. मी पुन्हा लिहायची. जेवताना मात्र दोघींनाही बोलायला काही सुचायचं नाही. मेंढरांच्या आवाजात वाढलेली मी. त्या बंद घरात रात्री अंथरुणावर नुसती जागी पडून राहायची.

एकदा आईनं कुणाच्या तरी मोबाइलवरून फोन केला.

"मी तिकडं येऊ का?" मी विचारलं.

"इकडं येऊन काय करशील? मेंढरं बी लई ऱ्हायली नाय. बाई जेवू घालतात का?"

"व्हय."

"मग ऱ्हा तिथंच."

परीक्षा झाली, तरी निकालापर्यंत मॅडमनी मला ठेवून घेतलं. मी पास झाले, चांगल्या गुणांनी. मॅडमनी पाठीवर हात ठेवला, तो बराच वेळ काढला नाही.

दुसऱ्या दिवशी गंगापूरच्या पुढं, विचारत विचारत, मी आमचा तळ शोधला. आमचाच कुत्रा माझ्या अंगावर भुंकत आला.

"वळखलं नाय त्यानं," आई म्हणाली आणि त्याला हाकललं. पास झाल्याचं सांगितलं, तेव्हा तिनं माझ्या तोंडावरून हात फिरवला.

जेवताना बापूंनी विचारलं, "परत कधी जायाचं?"

"उद्या," मी म्हणाले. राहा, असं कुणी म्हणालं नाही. मलाही ते ऐकायचं होतं की नव्हतं, कळलं नाही.