बाकड्याचं डावं टोक

माझे बाबा न्हावी. सलून एवढंसं: एक खुर्ची, एक आरसा आणि आरशासमोरच्या भिंतीला लागून लांबच लांब बाकडं. मागच्या खोलीत मी टॉवेल धुते, इस्त्री करते आणि मधूनमधून बाहेर येऊन सगळ्यांवर ओरडते. कुणीतरी ओरडायला हवंच, कारण बाबांच्या तोंडून मोठा आवाज म्हणून निघत नाही. ते केस कापतात तेसुद्धा झोपेत कापल्यासारखे. दुपारी ऊन आत येतं, साबणाचा वास पसरतो, कात्री चालू असते आणि बाबा भलतीकडेच कुठेतरी गेलेले असतात.

हा सगळा खेळ भूगोलाच्या सरांमुळे सुरू झाला. एकदा केस कापून घेताना ते म्हणाले, "राजकारणातले डावे-उजवे हे शब्द बसण्यावरूनच आले. फार पूर्वी एका देशाच्या सभेत राजाचा अधिकार राखू पाहणारे अध्यक्षांच्या उजव्या हाताला बसले आणि तो कमी करू पाहणारे डाव्या हाताला."

बाबांची कात्री हवेतच थांबली. "म्हणजे हा सगळा बसायचा प्रश्न आहे?"

"सुरुवातीला तरी होता," सर म्हणाले.

झालं! दुसऱ्या दिवसापासून येईल त्याने आपल्या विचाराप्रमाणे बाकड्यावर बसायचं, असा नियम निघाला. डावं कुणाचं धरायचं, तर बसणाऱ्याचं. बाबा आरशाकडे तोंड करून उभे असले की बाकड्याचं डावं टोक त्यांच्याही डाव्या हाताला येई. वळून बोलायला गेले की उलटं. म्हणून ते वळायचेच नाहीत, आरशात बघूनच सगळ्यांशी बोलायचे. नवं गिऱ्हाईक आलं की आरशातूनच विचारायचे, "माणसामाणसांत वर-खाली राहणारच असं वाटतं, की ते पुसून टाकायला हवं?"

पुसायला हवं म्हणणारा डावीकडे. राहणारच, जुनं आहे ते जपून चाला म्हणणारा उजवीकडे. सगळं सगळ्यांच्या मालकीचं करा म्हणणारे साम्यवादी पार डाव्या टोकाला, त्यांना लागून समाजवादी. मधे उदारमतवादी, म्हणजे ज्याचं त्याला ठरवू द्या म्हणणारे. मग परंपरावादी. आणि अगदी उजव्या टोकाला, जिथे एकच नेता बोलणार आणि बाकीचे गप्प बसणार, तिथे बाबांनी ओल्या टॉवेलांची बादली ठेवली. म्हणाले, "इथे एक जण बसला तर दुसऱ्या कुणाला बसता यायचं नाही."

यावर पोस्टमास्तर खवळले. नोकरीतून मोकळे झालेले, उजवीकडे बसणारे. "मग त्या टोकालाही ठेवा की एक! लोकांना गप्प करणारे तिकडे काय कमी झाले?"

बाबांनी विचार केला आणि दुसरी बादली आणली. माझ्या टॉवेलांची पार वाट लागली, पण ऐकतो कोण!

गंमत म्हणजे मनातून प्रत्येकाला वाटायचं की आपण मधेच आहोत, टोकाला आहेत ते दुसरे. तासाभरात सगळे सरकत सरकत मधोमध गोळा व्हायचे. शिंप्याला सरकारच नको होतं. तो म्हणाला, मी तुमच्या बाकड्यावर बसतच नाही, आणि उंबऱ्यावर बसला. माळीदादांनी तर डोक्याला तापच करून ठेवला. आजोबांनी लावलेल्या झाडाला हात लावू देणार नाही म्हणून उजवीकडे बसायचे आणि नदी सगळ्यांची म्हणून उठून डावीकडे. बाबा त्यांच्यावर फार खूश. "एका बाकड्यात भागत नाही गं," मला म्हणायचे. "पैशापाण्याचं एक बाकडं हवं, आणि कुणी कुणावर किती हुकूम चालवायचा याचं दुसरं, आडवं." मी म्हटलं, आधी दुकान मोठं करा. मी कुठे बसेन हे मला कुणी विचारलं नाही, ते जाऊ दे.

एका सकाळी बाबा उठले तेच हसत. म्हणाले, स्वप्नात बाकडं दारातून बाहेर निघालं, रस्ताभर लांबत गेलं, मग हळूहळू वाकलं आणि दोन्ही बादल्या शेजारी शेजारी आल्या. मी त्यावरून चालत होतो आणि पाय जमिनीला लागत नव्हते.

हे ऐकून घड्याळवाले काका मात्र चिडले. ते बाबांचे लहानपणापासूनचे दोस्त. दोघांत पडदा असा नाहीच. घड्याळं दुरुस्त करून करून एक डोळा कायम बारीक झालेला. ते डावीकडचे, बादलीला लागून बसणारे. "त्या बादल्या एक नाहीत. इकडचे लोक सगळ्यांना भाकरी मिळावी म्हणून निघाले होते, लेका. पुढे रस्ता चुकले असतील."

"असेल," बाबा म्हणाले. "पण ज्याला गप्प केलं त्याला दोन्हीकडे सारखंच ना?"

काकांनी मान उडवली. हसले मात्र. तोवर ते हसायचे.

मग काचेचा कारखाना बंद पडला. डावीकडे बसणारे बहुतेक तिथलेच. कुणी पोटामागे दुसऱ्या गावी गेलं, कुणी मुलाकडे राहायला गेलं, आणि जे उरले त्यातले काही एकेक करून उजवीकडे सरकले. त्यांचं म्हणणं, आता आहे तेवढं तरी टिकू दे. घड्याळवाले काका रोज यायचे आणि आपल्या जागी बसायचे. त्यांच्यापुढे बाकडं रिकामं, आणि पलीकडे पोस्टमास्तरांची मंडळी दाटीवाटीने, हास्यविनोदात. निवडणूक जवळ आली होती, तर त्यांना नुसता ऊत आलेला.

एक दिवस काका म्हणाले, "इतकी वर्षं सगळ्यांना बसवतोस. आज तू बस. माझ्याजवळ बस."

"विचार करून सांगतो," बाबा म्हणाले.

आणि खरंच विचार करायला बसले! दुपारी दुकान रिकामं झालं की ते बाकड्यावर एकेका जागी बसायचे, डोळे मिटायचे, स्वतःलाच प्रश्न विचारायचे, मग थोडं सरकायचे. मी दारातून बघत राहायचे. अर्ध्या उन्हात, अर्ध्या सावलीत बसलेले बाबा इतके हलके दिसायचे की हाक मारायची भीती वाटे. एकदा म्हणाले, "डाव्या टोकावरून कारखान्याची चिमणी दिसते. उजव्या टोकावरून तुझ्या आजोबांचा फोटो. आणि मधे बसलं की आरशात फक्त आपण."

चार दिवसांनी काका दाढीला आले. बाबांनी फेस लावला, डावा गाल साफ केला आणि आरशात बघत अगदी मनापासून सांगायला लागले. "कारखान्याच्या बाबतीत मी तुझ्याकडचा. वडिलांचं दुकान, त्यांची रीत, यात पोस्टमास्तरांकडचा. कुणी काय बोलावं यात मधला. म्हणजे सगळं धरलं तर मी बाकड्याच्या मध्याच्या थोडा डावीकडे, वीतभर—"

काका उठले. उजव्या गालावर फेस तसाच, गळ्यात कापड तसंच. भरल्या बाजारातून तसेच निघून गेले.

बाबा वस्तरा धरून उभे. "काही चुकीचं बोललो का गं?"

काका दुसऱ्या दिवशी आले नाहीत, तिसऱ्याही नाहीत. बाबांचं जेवणावरचं लक्ष उडालं. एका गिऱ्हाइकाचे कल्ले वर-खाली झाले. मला राहवेना. कापड परत आणायचं निमित्त करून मी घड्याळांच्या दुकानात गेले, चांगलं खडसावायचं ठरवूनच. काका एका गालाची दाढी वाढलेली, तसेच बसले होते.

"काका, हे काय ध्यान! मत नाही जुळलं म्हणून इतका राग?"

त्यांनी डोळ्याचं भिंग काढलं. "मत कुणी विचारलं होतं, पोरी? त्याचं मत मला आम्ही शाळेत होतो तेव्हापासून पाठ आहे. मी म्हटलं, माझ्याजवळ बस. तिथे आता कुणीच बसत नाही गं."

मी तशीच उलट्या पावली निघाले. कापडही तिथेच राहिलं.

मी परत आले तेव्हा खुर्चीत पोस्टमास्तर होते, तोंडभर फेस, आणि बाकड्यावर त्यांची मंडळी. सगळ्यांसमोरच मी बाबांना ते शब्द सांगितले. बाबांनी वस्तरा खाली ठेवला. आरशातल्या त्या रिकाम्या टोकाकडे बघितलं. "गाढव आहे मी," म्हणाले आणि अनवाणीच बाहेर पडले.

काकांना हाताला धरून घेऊन आले. काका नको नको म्हणत होते. बाबांनी त्यांना त्यांच्या जागी बसवलं आणि त्यांच्या शेजारी, खांद्याला खांदा लावून, स्वतः बसले.

"अहो, माझी दाढी!" पोस्टमास्तर खुर्चीतून ओरडले. "आणि हे काय, शेवटी डावे झालात म्हणायचं!"

"तुम्ही काय ते समजा," बाबा म्हणाले. "दाढी थोड्या वेळाने."

मान खाली घालून काका हमसून हमसून रडत होते, आणि आमच्या दुकानात पहिल्यांदाच कात्री, वस्तरा, माणसं, सगळंच गप्प होतं.